पेट्रोल कुणाच्या पगारातून जळतं?

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

वय ३६. राहतात तालुक्याच्या गावी आणि शिकवतात २६ किलोमीटरवरच्या खेड्यातल्या विनाअनुदानित शाळेत. पगार १४,००० रुपये. आज ना उद्या पगारासाठी सरकारी अनुदानाचा टप्पा मिळेल या आशेवर सात वर्षं काढली आहेत. २०१८ सालची स्कूटी आहे. यजमानांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान घरापासून दोन किलोमीटरवर, त्यांची मोटारसायकल वेगळी. दोन्ही गाड्यांना मिळून महिन्याला ४,८०० रुपयांचं पेट्रोल लागतं, त्यातलं २,९०० रुपयांचं स्कूटीला. परवा सासूबाई म्हणाल्या, "पगार घरी आणतेस की पेट्रोलपंपावर नेऊन देतेस?" तेव्हापासून नोकरी सोडावी की काय, हा विचार डोक्यातून जात नाही. यजमान म्हणतात, कर्ज काढून इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ. शेजारच्या कॉलनीतल्या एक सहकारी बाई आठवड्यातून तीन-चार दिवस मागे बसून येतात, पण पेट्रोलचा विषय त्या काढत नाहीत आणि यांना काढवत नाही. महिन्यातून दोनदा माहेरी जायच्या, ते आता दोन महिन्यांतून एकदा झालंय. स्टाफरूममध्ये कुणी म्हणतं युद्धामुळे भाव वाढले, कुणी म्हणतं सरकारमुळे, कुणी म्हणतं पंपवाले लुटतात. मोबाईलवर निरोप फिरतो की सगळ्यांनी एक दिवस पेट्रोल भरलं नाही तर भाव खाली येतील. यातलं खरं काय, आणि मी काय करू, असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी सासूबाईंच्या त्या वाक्यापाशी थांबले. त्यांनी ते दुष्टपणे म्हटलं असेल असं मला वाटत नाही. महागाई घरात शिरली की बोलणी अशीच निघतात. पण त्या वाक्यात एक हिशेब दडलेला आहे आणि तो तुम्हीही न तपासता मान्य केलाय. घरात ४,८०० रुपयांचं पेट्रोल लागतं. यजमानांच्या गाडीचे १,९०० रुपये घरखर्चात मुरून जातात, त्यांचा जाब कुणी विचारत नाही. तुमचे २,९०० मात्र थेट तुमच्या पगारासमोर मांडले जातात, जणू तुम्ही स्वतःच्या हौसेसाठी पेट्रोल जाळता. एका घरातल्या दोन गाड्यांना दोन न्याय का?

आता नोकरीचा हिशेब घ्या. १४,००० मधून २,९०० गेले तर ११,१०० उरतात. नोकरी सोडलीत तर वाचतील २,९०० आणि जातील १४,०००. सात वर्षांचा अनुभव जाईल आणि उद्या शाळेला टप्पा मिळालाच तर त्यावरचा हक्कही जाईल. शाळेचा कंटाळा आला असेल, तब्येत साथ देत नसेल, दुसरी संधी असेल, तर नोकरी सोडण्याचा विचार जरूर करा. पण पेट्रोल महाग झालं म्हणून बाईनं घरी बसायचं, हे गणित माझ्या तरी पचनी पडत नाही. घरात खर्च वाढला की पहिली कात्री बाईच्या येण्याजाण्याला लागते हे मी या सदराच्या टपालात वारंवार वाचते, आणि दर वेळी वाईट वाटतं.

स्टाफरूममधल्या वादाकडे वळते. हे जरा सविस्तर सांगते, कारण भाव का वाढतो हे कळलं की आपलं नेमकं काय चुकलं हा प्रश्न बराचसा सुटतो.

आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं आणि त्याचे पैसे बहुतांशी डॉलरमध्ये चुकवावे लागतात. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. समजा बॅरलचा भाव ७० डॉलर आहे आणि डॉलर ८५ रुपयांना. भागाकार केला तर कच्चं तेल लिटरला साधारण ३७ रुपये पडलं. रिफायनरी, वाहतूक, कंपनीचा नफा हे सगळं धरून कराआधीचा भाव पन्नाशीच्या पुढे जातो. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क. मे २०२२ पासून एप्रिल २०२५ पर्यंत ते लिटरला १९ रुपये ९० पैसे होतं. मग पंपचालकाचं कमिशन, साधारण चार रुपये. आणि या सगळ्या बेरजेवर राज्याचा व्हॅट, महाराष्ट्रात २५ टक्के आणि वर ५ रुपये १२ पैसे. बेरजेवर म्हणजे केंद्राच्या करावरसुद्धा राज्याचा कर बसतो. शंभरी अशी गाठली जाते.

म्हणजे युद्धाचं नाव घेणारे तुमचे सहकारी खोटं बोलत नाहीत. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला आणि कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं. रुपया घसरला तर तेल जागच्या जागी असलं तरी आपल्याला महाग पडतं, हेही खरं. पण मग बॅरल स्वस्त झालं की पंपावर भाव उतरायला हवा ना? एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदी होती, जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, भारत घेतो त्या तेलाचा सरासरी भाव २० डॉलरच्या आसपास आला होता. त्या वर्षी मार्च आणि मे मिळून केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १३ रुपये कर वाढवला. जगातली स्वस्ताई आपल्या टाकीपर्यंत आलीच नाही. पुढे तेल महागलं तेव्हा तो वाढलेला कर तसाच होता, आणि मे २०२१ अखेर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. नंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ रुपये आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कर कमी झाला, हेही सांगायला हवं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पुन्हा २ रुपये वाढवले, त्या वेळी बॅरल उतरलं होतं म्हणून पंपावरचा भाव हलला नाही. म्हणजे उतरायचा तोही उतरला नाही.

कागदावर पाहिलं तर पेट्रोलचा भाव जून २०१० पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त आहे आणि जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला बदलू शकतो. प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २०२१ नंतर तो साडेचार महिने जागचा हलला नाही. त्या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून सुमारे दोन आठवड्यांत लिटरमागे १० रुपये वाढले. मार्च २०२४ मध्ये लोकसभेचं वेळापत्रक जाहीर होण्याच्या आदल्या दिवसापासून दर २ रुपयांनी उतरले. यातून काय समजायचं ते तुमच्या स्टाफरूमने ठरवावं. मला एवढंच म्हणायचंय की भाव आभाळातून पडत नाही. त्यातला मोठा हिस्सा दिल्लीत आणि मुंबईत बसून ठरतो, आणि ठरवणारी माणसं मतं मागायला आपल्या दारात येतात.

तुमच्या परभणीचं दुखणं तर आणखी वेगळं. वर्षानुवर्षं तुमच्याकडे टँकर येतात ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून. ते भाडं भावात मिसळतं. म्हणून २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पेट्रोलने नव्वदी ओलांडली ती मुंबईच्या आधी परभणीत. ज्या जिल्ह्यात पगार कमी, रोजगार कमी, तिथे पेट्रोल सगळ्यात महाग. यावर मराठवाड्यातल्या माणसाने चिडू नये तर काय करावं?

राज्याच्या कराने किती फरक पडतो ते सिंधुदुर्गात दिसतं. बांदा-सावंतवाडीकडची माणसं गोव्याच्या हद्दीत कामाला गेली की टाकी भरूनच परततात. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले तेव्हा गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ पुसून टाकला होता, लिटर ११ रुपयांनी उतरलं होतं. पुढे तो कर परत चढला, पण फरक राहिला. बॅरल तेच, डॉलर तोच, फक्त राज्य दुसरं. अर्थात राज्य सरकारांचीही एक बाजू आहे. जीएसटी आल्यावर स्वतःच्या हातात राहिलेले मोठे कर दोन-तीनच, त्यात इंधन आणि दारू. म्हणून सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या जीएसटी परिषदेत पेट्रोल जीएसटीखाली आणण्याचा विषय निघाला आणि राज्यांनी तो तिथेच थांबवला. करातूनच शाळांचे पगार होतात, तुमच्या टप्पा अनुदानाचे पैसेही त्यातूनच यायचे आहेत. म्हणून "कर शून्य करा" असं मी म्हणणार नाही. श्रीमंताची मोटार आणि तुमची स्कूटी यांना लिटरमागे सारखाच कर लागतो, आणि तुमच्या पगारातला त्याचा वाटा कितीतरी मोठा आहे, हे मात्र बोललं गेलं पाहिजे.

पंपवाल्यांबद्दल दोन शब्द. भाव ८० असो की ११०, त्यांचं कमिशन फारसं हलत नाही. भाववाढीचा राग त्यांच्यावर काढून उपयोग नाही. मापात मारण्याची शंका असेल तर तो वेगळा विषय, आणि त्यावर तुमच्याकडे हक्क आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं. मला मोजून दाखवा, असं म्हणता येतं. शुद्धतेसाठी फिल्टर पेपर मागता येतो. पोरगा "मॅडम, झिरो बघा" म्हणतो तेव्हा पर्समधून पैसे काढायच्या नादात आपण मान हलवतो. तेवढा एक क्षण खरोखर आकड्याकडे बघा. भरून होईपर्यंत नजर हटवू नका.

आणि तो मोबाईलवरचा निरोप. एक दिवस पेट्रोल न भरणारा माणूस आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरतोच, कारण शाळेत जायचं असतं. महिन्याची विक्री तेवढीच राहते. बहिष्काराने विक्री घटायची तर गाडी कमी फिरायला हवी. त्यापेक्षा पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की विचारा, परभणीला इतक्या लांबून पेट्रोल का येतं आणि व्हॅटबद्दल तुमचं म्हणणं काय? दहा बायकांनी एकाच आठवड्यात हा प्रश्न विचारला तर तो त्याच्या लक्षात राहील.

आता आपल्या हातातलं बोलू.

तुम्ही पत्रात लिहिलंय, "मी नेहमी दोनशेचंच टाकते, म्हणजे खर्च आटोक्यात राहतो." ताई, इथेच गफलत होते. दोनशेचं टाकणाऱ्याला भाव वाढलेला जाणवतच नाही, कारण पर्समधून निघतात दोनशेच. टाकीत पडणारं पेट्रोल कमी होतं आणि पंपावरची फेरी एक दिवस आधी येते. महिनाअखेरीला पैसे कुठे गेले कळत नाही आणि मग दोष येतो स्वतःवर. माझ्या वडिलांच्या स्कूटरच्या डिकीत एक छोटी वही असायची, तेलाच्या डागांनी पानं पारदर्शक झालेली. तारीख, किलोमीटर, लिटर, एवढंच लिहायचे. आम्ही मुलं हसायचो. पण अमुक महिन्यात गाडी जास्त का प्यायली हे ते बोट ठेवून सांगायचे. तुम्हीही रुपये सोडा, लिटर मोजा. पेट्रोल लिटरात मागा, दोन लिटर म्हणा, तीन म्हणा. महिन्यातून एकदा टाकी गळ्यापर्यंत न नेता नोजल आपोआप बंद होईपर्यंत भरा, किलोमीटरचा आकडा लिहा, पुढच्या वेळी तशीच भरा, मग मधल्या किलोमीटरना मधल्या सगळ्या लिटरांनी भागा. रुपयाचा आकडा तुमच्या हातात नाही, लिटरचा थोडाफार आहे.

तुमचा हिशेब मी करून पाहिला. रोज ५२ किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, म्हणजे साडेबाराशे किलोमीटर. लिटरला ४५ धरले तर २८ लिटर. १०५ रुपये भावाने २,९०० च्या घरात. म्हणजे तुमची नासाडी कुठेच नाही, जेवढं अंतर तेवढंच पेट्रोल. यजमानांचे १,९०० मात्र मला कोड्यात टाकतात. दुकान दोन किलोमीटरवर आणि पेट्रोल १८ लिटर. मोटारसायकल लिटरला ५५ देत असेल तर महिन्याला हजार किलोमीटर होतात. स्पेअर पार्ट आणायला जिल्ह्याच्या गावी जाणं असेल, दुपारी जेवायला घरी येणं असेल, सगळं योग्यही असेल. दोष काढायचा नाही. फक्त त्याच वहीत दुसरं पान त्यांच्या गाडीचं ठेवा. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, दोघांनी आपापलं पान भरायचं. सासूबाईंनाही ते टेबल दिसू द्या.

आता मागे बसणाऱ्या सहकारी बाई. मला वाटतं, तुमच्या पत्रात सगळ्यात जड ओझं तेच आहे. "पैसे मागितले तर किती हलकी म्हणतील", हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय. मला विचाराल तर त्यांनाही अवघडल्यासारखं होत असेल. पैसे पुढे केले तर तुम्हाला अपमान वाटेल, नाही केले तर आपण फुकटे ठरू, अशा पेचात माणूस गप्प बसतो. कुणीतरी सुरुवात करायला हवी. रुपयांवरून सुरू करू नका, सोबतीवरून करा. असं म्हणून बघा: "बाई, तुम्ही असता तर रस्ता कधी सरतो कळत नाही. पण पेट्रोल आता एकटीला झेपेना. आपण दोघी मिळून भरायचं का? एकदा मी, एकदा तुम्ही." रक्कम ठरवायची गरजच नाही. एक टाकी त्यांची, एक तुमची. त्यांच्या घरची गाडी मिळत असेल तर एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा तुमची. आणि मागे बसणारीच्या डोक्यावरही हेल्मेट हवं, २६ किलोमीटर राज्यमार्गावर ट्रकच्या शेजारून जाणं आहे.

एका दिवसाचं तुमचं पेट्रोल १२० रुपयांच्या आसपास. महिन्यातल्या चौदा दिवसांचा अर्धा वाटा त्यांनी उचलला तर ८४० रुपये सुटतात. त्या नाही म्हणाल्या तर? एखाद्या वेळी म्हणतीलही. मग तुम्ही न रागावता सांगू शकता की रोज जमणार नाही. अडचण सांगितल्याने तुटेल अशी मैत्री मनात धुमसत ठेवून टिकत नाही.

एसटीचं तुम्ही एका ओळीत झटकून टाकलंत: सकाळची गाडी जुळते, संध्याकाळची हुकते, फाट्यापासून शाळा दोन किलोमीटर. पण शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी परत यायला गाडी मिळत असेल तर निदान शनिवारी एसटीने जाऊन बघा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडं वाढलं, तरी साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. २६ किलोमीटरचे पाच टप्पे, पन्नास रुपये, तुम्हाला पंचवीस. जाऊन-येऊन पन्नास, स्कूटीचे १२०. चार शनिवारांत २८० रुपये. वाचलेले पैसे फार नाहीत हे मला कळतं, पण आठवड्यातला एक दिवस हँडल न धरता खिडकीशी बसून वह्या तपासता येतील. संध्याकाळच्या गाडीसाठी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी आणि गावच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या पालकांनी सह्या करून आगारप्रमुखांना अर्ज द्या. वेळ पंधरा मिनिटं पुढे नेण्याची मागणी मोठी नाही आणि एकट्याच्या तक्रारीपेक्षा पन्नास सह्यांचं वजन जास्त.

स्कूटीबद्दल थोडंसं. हल्ली गाडी जास्त पिते असं तुम्हाला वाटतं, तो भास नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. काही आपल्याच साखर कारखान्यांचं, काही मक्यासारख्या धान्यापासून केलेलं, त्यामुळे शेतकऱ्यांचं भलं होतं आणि परकीय चलन वाचतं. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. जुन्या बांधणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के पडेल असं नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं. तुमची गाडी २०१८ ची. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला पेट्रोलची नळी आणि रबरी वायसर बघायला सांगा. एअर फिल्टर साफ करून घ्या, मागचा ब्रेक घासत नाही ना ते बघा, आठवड्याला टायरमध्ये हवा भरा. हवा पंपावर मोफत असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. वेग ४५-५० च्या पुढे नेऊ नका. एवढ्याने ४५ चं ॲव्हरेज ४८ झालं तरी महिन्याला पावणेदोन लिटर वाचतं. उगाच मोठी स्वप्नं दाखवत नाही, १८० रुपये आहेत ते.

यजमानांनी घरात पाच लिटरचा कॅन भरून ठेवलाय, तो आजच गाड्यांमध्ये ओतून रिकामा करा. मला माहीत आहे ही सवय कुठून आली. १ जानेवारी २०२४ ला ट्रक आणि टँकरचालकांनी नव्या अपघात कायद्याविरुद्ध काम थांबवलं, पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि दोन दिवस पंपांवर बाटल्या घेऊन रांगा लागल्या. भीती खरी होती. पण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत पोहोचते. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, महिनोन् महिने ठेवलं तर खराब होतं. दोन रुपये वाढतील म्हणून पाच लिटर साठवलं तर वाचले दहा रुपये. त्यासाठी घरात पेट्रोल ठेवायचं नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरचा विचार यजमानांनी काळजीपोटी केलाय, तो मोडीत काढू नका. फक्त आकडे मांडा. शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट लागतात. तुमच्या साडेबाराशे किलोमीटरला चाळीसच्या आसपास. घरचा वापर शंभर युनिटच्या पुढे असेल तर ही चाळीस युनिटं वरच्या दराने लागतील. १२ रुपये धरले तर ४८० रुपये. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला २,४०० वाचले. पण १,२०,००० चं कर्ज ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ३,९०० चा. म्हणजे तीन वर्षं दरमहा पंधराशे पदरचे घालायचे आणि चौथ्या वर्षापासून फायदा. तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो का, की दोन-तीन महिने रखडतो? विनाअनुदानित शाळांचं मी जे ऐकते त्यावरून विचारते. पगार रखडत असेल तर हप्त्याच्या भानगडीत आत्ता पडू नका. स्कूटी नीट चालतेय, ती चालू द्या. ती मोडीत निघेल तेव्हा कोणती तरी नवी गाडी घ्यावीच लागेल, त्या दिवशी पेट्रोलची आणि इलेक्ट्रिकची यांच्या किमतीतला फरक तेवढा मोजायचा, आणि तेव्हा उत्तर बहुधा इलेक्ट्रिकच्या बाजूने येईल. रोज ठरलेलं ५२ किलोमीटर अंतर हे तिच्यासाठी सोयीचंच आहे. घेण्याआधी मात्र दुकानदाराला सोडून गावात तीच गाडी दोन वर्षं वापरणाऱ्या माणसाला गाठा. मे महिन्यात, दोघं बसलेली असताना, एका चार्जिंगमध्ये किती जाते ते त्याला विचारा. दुरुस्तीचं केंद्र किती लांब आहे, बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि तुमच्याकडे रात्री लाईट किती तास जाते, हेही बघा.

राहिलं माहेर. खर्च वाढल्यावर तुम्ही पहिली काट तिथे मारलीत. पत्रात त्याबद्दल अर्धीच ओळ आहे, "आई काही म्हणत नाही". आई म्हणणार नाहीच. माहेर ४० किलोमीटरवर, जाऊन-येऊन ८०. दोन लिटरपेक्षा कमी. आजच्या भावाने दोनशे रुपयांच्या आत. दोन फेऱ्यांचे चारशेही होत नाहीत, आणि हे चारशे वर लिहिलेल्या गोष्टींतून सहज निघतात, एकट्या सहकारी बाईंच्या वाट्यातून दुप्पट निघतात. दुचाकीवर एवढं अंतर जीवावर आलं तर अर्ध्या तिकिटाची एसटी आहेच. वही आणाल तेव्हा पहिल्या पानावर शाळा लिहू नका, दुकान लिहू नका. पगाराच्या दिवशी सगळ्यात वर लिहा: आई, दोन फेऱ्या, चार लिटर. बाकीचं त्याच्या खाली बसवा.

सहकारी बाईंशी बोलणं झालं की काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.